पार्श्वनिवेदन आणि प्रेक्षकाचा निर्णयाधिकार

पार्श्वनिवेदन म्हणजे पटकथेतील उणीव झाकण्याचे साधन, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो सरसकट स्वीकारता येत नाही. निवेदनाचा दृश्याशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' (दूरदर्शन, १९८८-९०) या मालिकेत 'समय' हाच निवेदक आहे. हरीश भिमानी यांच्या आवाजातील हा समय सर्वज्ञ आहे. तो घटनांची संगती लावतो आणि त्यांचा नैतिक अर्थही सांगतो. आठवड्यातून एकदा प्रक्षेपित होणाऱ्या दीर्घ मालिकेला अशा सूत्रधाराची गरज होती. तथापि येथे प्रेक्षक मुख्यतः श्रोताच राहतो.

सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या चित्रपटात अमिताभ बच्चन यांचे निवेदनही इतिहास सांगते, परंतु उपरोधाने. अवध संस्थान खालसा होत असताना (१८५६) बुद्धिबळात रमलेल्या मिर्झा आणि मीर यांच्याकडे निवेदक मिश्कीलपणे पाहतो. दृश्ये मात्र त्यांच्याविषयी, तसेच नवाब वाजिद अली शाह यांच्याविषयी करुणा जागवतात. शब्द आणि दृश्य यांतील हे अंतर प्रेक्षकाला विचारास प्रवृत्त करते. अखेरीस दोघे इंग्रजी पद्धतीने डाव मांडतात, तेव्हा पराभवाचा दोष कोणाचा, हे त्यालाच ठरवावे लागते.

सारांश, पार्श्वनिवेदन किती आहे यावरून त्याचे मूल्य ठरत नाही. ते प्रेक्षकाचा निर्णयाधिकार राखते की हिरावून घेते, हीच त्याची खरी कसोटी होय.