मिल्टन, जॉन
(९ डिसेंबर १६०८ – ८ नोव्हेंबर १६७४). इंग्रज महाकवी व गद्यलेखक. जन्म लंडन येथे. शिक्षण सेंट पॉल्स स्कूल, लंडन व क्राइस्ट्स कॉलेज, केंब्रिज येथे (एम्.ए. १६३२). लिसिडस (१६३८) ही विलापिका त्याच्या पूर्वकाव्यातील सर्वश्रेष्ठ रचना होय. १६३८-३९ मधील इटलीच्या प्रवासात त्याने नजरकैदेतील गॅलिलीओची भेट घेतली. यादवी युद्धाच्या काळात तो पार्लमेंटच्या पक्षाचा पुरस्कर्ता होता. १६४९ मध्ये प्रजासत्ताकाच्या परराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा तो सचिव झाला. १६५२ पर्यंत त्याला पूर्ण अंधत्व आले. १६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर त्याला काही काळ कारावास घडला व त्याचे काही ग्रंथ जाळण्यात आले.

निवडीचे स्वातंत्र्य हे त्याच्या गद्याचे व काव्याचे समान सूत्र आहे. प्रकाशनपूर्व परवान्याच्या सक्तीविरुद्ध लिहिलेल्या ॲरिओपाजिटिका (१६४४) ह्या पुस्तिकेत, वाईटाशी परिचय झाल्यावाचून सद्‌गुणाला अर्थ नाही, असे तो प्रतिपादितो. मात्र कॅथलिकांना त्याने ह्या स्वातंत्र्यातून वगळले, ही त्याच्या विचाराची मर्यादा होय.

हाच विचार पॅरडाइस लॉस्ट (१६६७, १२ सर्गांची आवृत्ती १६७४) ह्या महाकाव्यात कसोटीला लागतो. अंधत्वामुळे मिल्टनने ते इतरांकडून लिहवून घेतले. यमकाचा त्यागही त्याने एका बंधनातून झालेली सुटका म्हणूनच समर्थिला. आरंभीच्या सर्गांत सैतान इतका तेजस्वी वाटतो, की ब्लेक व शेली ह्यांना कवीची खरी सहानुभूती त्याच्याकडेच दिसली. सी. एस्. ल्यूइसने (१९४२) हे मत नाकारले, तर स्टॅन्ली फिशच्या मते (१९६७) वाचकाला मोहात पाडून त्याला स्वतःच्या पतनशीलतेची जाणीव करून देणे, हाच कवीचा हेतू होता. काव्याची रचना पाहता फिशचे विवेचन अधिक समाधानकारक वाटते. चौथ्या सर्गापासून सैतानाचे बंड त्याचाच तुरुंग बनत जाते आणि आदाम व इव्ह पश्चात्तापातून नवी निवड करण्यास समर्थ होतात. तथापि ईश्वराच्या मुखातील भाषणे कोरडी व वकिली थाटाची आहेत. ज्याचे समर्थन करावयाचे, त्याच्यापेक्षा प्रतिपक्षाची वाणी प्रभावी ठरावी, हा ह्या काव्यातील न मिटलेला ताण होय. त्याचे सामर्थ्यही त्यातच आहे.

पॅरडाइस रीगेन्ड व सॅमसन ॲगोनिस्टीझ (दोन्ही १६७१) ह्या त्याच्या उत्तरकालीन रचना. मायकेल मधुसूदन दत्त ह्यांच्या मेघनादवध (१८६१) ह्या बंगाली काव्यातील निर्यमक छंद व प्रतिनायकाविषयीची सहानुभूती ह्यांवर मिल्टनचा प्रभाव स्पष्ट आहे. लंडन येथे त्याचे निधन झाले.