अद्भुताचा करार आणि सत्याचा दावा

भुताखेतांवरील श्रद्धा ओसरली की भयकथेचे आकर्षणही ओसरेल, अशी विवेकवादी समीक्षेची एक सुप्त धारणा राहिली आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना लाभलेल्या सुशिक्षित वाचकवर्गाने ती केव्हाच खोटी ठरविली. परंतु त्यावरून या वाचकाच्या मनात जुनी श्रद्धा दडून असते, असा निष्कर्ष काढणेही घाईचे होय.

कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेली अविश्वासाच्या स्वेच्छ स्थगितीची कल्पना येथे मार्गदर्शक ठरते. स्थगिती म्हणजे विश्वास नव्हे. ज्याच्यापाशी अविश्वास आहे, तोच तो स्थगित करू शकतो. तोदोरोव्हने १९७० मध्ये 'फँटॅस्टिक'चे मर्म वाचकाच्या द्विधेत शोधले. घडलेले निसर्गनियमांत बसते की त्यांपलीकडचे आहे, हा निर्णय लांबणीवर पडतो तोवरच ही कोटी टिकते. गाढ श्रद्धावंताला ही द्विधा परकीच असणार.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटात मात्र ही द्विधाही नाही. हस्तरचे अस्तित्व आरंभीच्या कल्पित पुराणकथेतच गृहीत धरलेले आहे. तरीही नायक विनायक हस्तरचा भक्त नाही. कणकेची बाहुली पुढे करून तो मुद्रा पळवितो आणि पुढे हेच कसब एखाद्या पिढीजात धंद्यासारखे मुलाला शिकवितो. अतिमानुषाशी येथे भक्तीचा नव्हे, व्यवहाराचा संबंध आहे. १९१८ पासून १९४७ पर्यंत पसरलेल्या या कथेत प्रेक्षक ज्याला भितो, ते वारशाने चालत येणाऱ्या हावेचे परिचित रूप होय. हस्तरवर विश्वास न ठेवताही ती हाव त्याला ओळखता येते.

याउलट 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) हा चित्रपट वॉरेन दांपत्याच्या 'सत्य' प्रकरणावर आधारलेला असल्याची ग्वाही देतो. कलाकृती म्हणून तो कितीही कुशल असो, या ग्वाहीमुळे करार बदलतो. कल्पिताला दिलेली तात्पुरती संमती वास्तवाविषयीच्या साक्षीत रूपांतरित होऊ लागते.

हा भेद केवळ सैद्धान्तिक नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याचा रोख श्रद्धा बाळगण्यावर नाही. भूत उतरविण्याच्या मिषाने होणाऱ्या छळावर व फसवणुकीवर आहे. समीक्षेनेही हाच विवेक पाळावयास हवा. भूत रंगविले म्हणून कलाकृतीवर अंधश्रद्धेचा आरोप ठेवणे आणि 'अखेर ही करमणूकच' म्हणून तिच्या सत्यदाव्याकडे काणाडोळा करणे, या दोन्ही भूमिका सारख्याच अपुऱ्या आहेत. कलाकृतीत भूत आहे की नाही, हा प्रश्न गौण होय. तिने वाचक-प्रेक्षकाला त्याचा अविश्वास परत नेण्याची मोकळीक ठेवली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.