प्रश्न घेऊन निघालेली माणसे

बलिप्रतिपदेच्या सकाळी आजी अंगणात शेणाचे पांडव मांडायची. बोटभर उंचीचे, डोक्यावर झेंडूची पाकळी खोवलेले. त्यांना हळदकुंकू वाहून झाले की ती घरातल्यांना ओवाळायची आणि म्हणायची, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ वामनावताराची गोष्ट तोवर ऐकून झालेली होती. तिथे देव वामन होता आणि बळी पाताळात गेला होता. देवानेच ज्याला पाताळात घातले, त्याचे राज्य परत यावे असे आजी का मागते? मी विचारले तेव्हा निरांजन न थांबवता तिने उत्तर दिले, ‘राजा चांगला होता तो.’

पोथी एक सांगते आणि अंगण दुसरेच मागते. या फटीतून ज्यांना आत डोकवावेसे वाटले, त्यांनी मराठीत एक मोठी लेखनपरंपरा उभी केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या. बळी हा इथल्या शेतकऱ्यांचा राजा आणि वामन हा त्याचे राज्य हिरावणारा, असा त्यांचा अर्थ होता. इतिहास म्हणून तो तपशिलात टिकतो का, यावर वाद होऊ शकतो. पण पुराणकथा जिंकणाऱ्याने सांगितलेली असते, हरलेल्याची आठवण लोकांच्या तोंडी उरते आणि दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात, ही दृष्टी मराठीला त्या पुस्तकाने दिली.

पुढच्या शंभर वर्षांत ही परंपरा ज्यांनी वाढवली, त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. पुराणकथा हा त्यांतल्या अनेकांचा नेमलेला विषय नव्हता. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या. विश्वनाथ खैरे व्यवसायाने अभियंता. मावळातल्या निगडे गावी जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले रा. चिं. ढेरे आयुष्यभर स्वतंत्र संशोधक म्हणून जगले. दुर्गा भागवतांनी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातली खुर्ची हेच आपले विद्यापीठ मानले. कुणी सांगितले म्हणून यांतले कोणी या वाटेला लागले नाही. एक प्रश्न पडला, तो सोडवेना, म्हणून पुस्तके उघडली आणि पुस्तके पुरेनात तेव्हा पायात वहाणा घातल्या.

त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. ‘युगान्त’ १९६७ साली आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्याच्या आदल्याच वर्षी पुरी झाली होती. १,२५९ हस्तलिखिते ताडून ठरवलेली ही संहिता इरावतीबाईंच्या हाताशी होती. आता विदुर आणि धर्मराज यांच्याविषयी त्या काय करतात ते पाहा. विदुर हा शापामुळे जन्माला आलेला साक्षात यमधर्म, असे महाभारत सांगते. कुंतीला युधिष्ठिर झाला तोही धर्मापासून, असेही तेच महाभारत सांगते. नियोगासाठी दिराला बोलावण्याची रीत होती आणि विदुर हा पंडूचा धाकटा भाऊ. शेवटी आश्रमवासिक पर्वात विदुर रानात झाडाला टेकून प्राण सोडतो तेव्हा योगबळाने तो युधिष्ठिराच्या देहात शिरतो. मरणाऱ्या पित्याने आपली इंद्रिये, आपले प्राण मुलाच्या ठिकाणी ठेवण्याचा विधी उपनिषदांत आहे. हे सगळे धागे बाई एकापुढे एक ठेवतात. सूत मानल्या गेलेल्या विदुराचा मुलगा म्हणून धर्मराज उघड झाला असता तर राज्यावरच्या हक्काचे काय झाले असते, हेही विचारतात. आणि मग थांबतात, निकाल लावत नाहीत. वाचक महाभारत उघडून तोच प्रसंग पुन्हा वाचतो. मला वाटते, या लेखनाचे खरे यश तिथे आहे.

त्याच १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ही प्रकाशित झाली. दोन्ही पुस्तके मराठी घरांत पोहोचली, पण दोघांनी दिलेला कर्ण वेगळा आहे. कादंबरीतल्या कर्णासाठी आपले डोळे भरून येतात. ‘युगान्त’मधला कर्ण ‘मी कोण?’ हा प्रश्न आयुष्यभर सलत राहिलेला माणूस आहे आणि त्याच्या चुका बाई झाकत नाहीत. मराठी वाचकाला दोन्हींची गरज होती. पुढच्या काळात मात्र पहिल्या वाटेला शेकडो लेखक लागले आणि दुसरी वाट ओस पडत गेली.

दुर्गाबाईंची रीत याहून निराळी. ‘व्यासपर्व’मध्ये त्या महाभारतातल्या माणसांशी सलगीने बोलतात, तर ‘पैस’मध्ये वस्तूंपाशी जाऊन उभ्या राहतात. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून गीतार्थ सांगितला असे मानतात, तो नेवाशाचा खांब आज देवळात पुजला जातो. त्यावर एका दानाचा लेख कोरलेला आहे. एका बाजूने पाहिले तर तो एक जुना दानलेख, दुसऱ्या बाजूने मराठी भाषेचे जन्मस्थान. दुर्गाबाई या दोन्हींपैकी एकही सोडत नाहीत. दगडाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहत असतानाच त्यांच्या शब्दांत मायेची ऊब येते. या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ललित लेखन आणि संस्कृतीचा अभ्यास यांच्यात भिंत नसते हेच मान्य झाले.

ढेऱ्यांकडे आले की आवाका आणखी वाढतो. ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या पुस्तकाचा प्रश्न एका मूर्तीतून निघाला. मस्तकाच्या जागी कमळ, गुडघ्यांत दुमडून फाकलेले पाय, प्रसवाची मुद्रा. तेरला, भोकरदनला, बदामीच्या परिसरात अशा मूर्ती सापडल्या आहेत. ही बाई कोण? ढेरे शिल्पापाशी थांबत नाहीत. परशुरामाने शिर उडवलेली रेणुका त्यांना आठवते. गावोगाव वारुळालाच रेणुका मानतात, हे आठवते. रेणू म्हणजे मातीचा कण. वारूळ म्हणजे मातीच्या आतून वर आलेले, पोकळ, ओलसर घर. नागपंचमीला बाया त्याच वारुळाला पुजतात, त्याच्याभोवती फेर धरतात. शिल्प, शब्द, कथा आणि बायकांचा सण एका ओळीत आले की मस्तक नसलेली मूर्ती भूमातेची होऊन जाते. हे वाचल्यावर रस्त्याकडेच्या वारुळाकडे मला पूर्वीसारखे पाहता आले नाही.

‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये त्यांनी पंढरपूरच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेऊन पोहोचवले. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव जोडीने नांदतात आणि यात्रेत भंडाऱ्याने सारा परिसर पिवळा होतो. पुस्तकातला सिद्धांत तिथे डोळ्यांना दिसतो. गुंथर सोन्थायमर हे जर्मन विद्वानही याच धनगरांच्या मागून पश्चिम महाराष्ट्राचे माळ हिंडले आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. कोसंबी तर पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवून गावाबाहेरच्या देवींची ठाणी शोधत. त्या ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे मिळाली. देवीचे ठाणे जुन्या पायवाटेवर का असते, याचे उत्तर त्यांना तिथे गवसले. गाव हलले, वाट बदलली, पण देवी आपल्या जुन्या जागेवर राहिली.

यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’मध्ये मराठीचे तमिळशी असलेले नाते मोठ्या हिरिरीने मांडले, पण त्यांच्या काही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या वाटतात. विठ्ठलाची मूळ मूर्ती माढ्याची, हे ढेऱ्यांचे मत अनेकांना पटले नाही. तरीही या पुस्तकांशी वाद घालता येतो, कारण पुरावा पानावर मांडलेला आहे. कुठल्या पुराणात, कुठल्या गावी, कोणाच्या तोंडून, हे लेखक सांगतो. आपले म्हणणे खोडून काढायची साधनेही तोच वाचकाच्या हाती देतो. या लेखनाची नीती मला त्यात दिसते.

आजची स्थिती तपासायची तर याच कसोटीवर. साधनांची आज चंगळ आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ आणि गोव्यातल्या आंबेड्याहून आलेल्या महादेवशास्त्री जोशींचे ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड मिळवायला पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे. आता पुष्कळ जुने ग्रंथ फोनवर उघडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गोळा केलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांतल्या कितीतरी आज घरबसल्या ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. लोकसंस्कृतीचा अभ्यास हा साहित्याचा गाभा आहे, ही त्या निवडींतून मिळालेली दाद आहे. सीतेकडे बायकांच्या ओव्यांतून पाहायला ताराबाईंनीच आपल्याला शिकवले.

उणे आहे ते प्रश्नांच्या बाजूला. त्याचे पहिले कारण बाजाराचे. पुस्तकांच्या दुकानात पौराणिक विषयांचे कप्पे भरलेले आहेत आणि त्यांतली बरीच पुस्तके इंग्रजीतून अनुवादित होऊन आलेली आहेत. त्यांनी नवा वाचक आणला, हे मी मनापासून मान्य करते. पण ‘खरा अर्थ’, ‘रहस्य’, ‘विज्ञान’ असे शब्द मुखपृष्ठावर घेऊन येणारी पुस्तके उत्तर आधी ठरवतात आणि पुरावा मागून गोळा करतात. संदर्भ नसतो. गाव नसते, सांगणारी बाई नसते. ज्या मातीतून कथा उगवली ती पुसली की कुठलीही कथा कुठेही लावता येते. अशा निनावी कथा रोज सकाळी आपल्या फोनवर येतात आणि आपण त्या पुढे ढकलतो.

दुसरे कारण जागेचे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद झाले. वाईच्या ‘नवभारत’सारख्या मासिकांनी एके काळी अशा लेखांना ऐसपैस पाने दिली. वीस पानांचा, वादाला वाव ठेवणारा लेख छापेल असे ठिकाण आता शोधावे लागते. दिवाळी अंक अजून ते करतात, पण वर्षातून एकदाच.

तिसरे कारण भीतीचे. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत घुसून हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस केली. त्या दिवसानंतर दैवतांविषयी, थोर पुरुषांविषयी लिहिताना अनेक हात आखडले. फुल्यांनी १८७३ मध्ये जे विचारले ते आज कुणी विचारावे का, असा विचार लेखक पहिल्या ओळीआधीच करू लागला, तर त्यात समाजाचे नुकसान आहे. श्रद्धा प्रश्नाने मरत नाही. ढेऱ्यांचा विठ्ठल वाचून वारी थांबली नाही. वारीत चाललेल्या इरावतीबाईंनी जातीप्रमाणे वेगळ्या पडलेल्या दिंड्या पाहिल्या, तसे लिहिले आणि तरीही त्या त्या माणसांच्या प्रेमात राहिल्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मराठीतले हे लेखन संपलेले नाही, पण ते वस्तीपासून आणि वाटेपासून तुटत चालले आहे. त्याला नव्या उत्तरांपेक्षा चांगल्या प्रश्नांची आणि चालणाऱ्या पायांची गरज आहे. त्यासाठी विद्वान असण्याची अट नाही. तुमच्या गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला एखादा दगड असेल. त्याचे नाव काय, त्याला नैवेद्य काय लागतो, मान कुणाचा, तो कुठून आला असे म्हणतात, हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहा. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख घाला. आजीचे ते उत्तर मी लिहून ठेवले नव्हते. तिने बळीविषयी आणखी काय सांगितले असते, हे विचारायला आता ती नाही. तुमच्याकडची आजी असेल, तर या दिवाळीत विचारा.