खानदेशातील परिसंस्था-पुनर्स्थापना : काही मूलभूत संकल्पनांची चिकित्सा

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्था-पुनर्स्थापनेला वाहिल्यापासून हा शब्द परिपत्रकांत, चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांत आणि महाविद्यालयांच्या हरित अहवालांत सर्रास दिसू लागला आहे. शब्द रुळला, संकल्पना मात्र रुजली नाही. ‘सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन’ या संस्थेने २००४ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार पुनर्स्थापना म्हणजे ऱ्हास पावलेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरण्यास साहाय्य करणे. या व्याख्येतील कळीचा शब्द ‘साहाय्य’ हा आहे. सावरण्याचे काम निसर्ग करतो. मनुष्याने अडथळे दूर करावयाचे असतात.

महाराष्ट्रातील व्यवहार याच्या नेमका उलट आहे. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे राज्याने जाहीर केली. येथे मोजमापाचे एकक रोप हे आहे, परिसंस्था नव्हे. (राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरांतही दरवर्षी खड्डे आणि रोपेच मोजली जातात, हे मान्य केले पाहिजे.) सातपुड्याच्या उतारांवरील अंजनाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अंजनाचे रोप आरंभीची वर्षे आपली शक्ती सोटमूळ खोलवर नेण्यात खर्च करते आणि जमिनीवर खुरटेच दिसते. तीन वर्षांच्या लागवड-मूल्यमापनात ते अपयशी ठरते. झपाट्याने वाढणारी परकी प्रजाती यशस्वी ठरते.

बारीपाड्याचा अनुभव या पार्श्वभूमीवर अभ्यासण्याजोगा आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या कोकणा आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे ४४५ हेक्टर वन राखले. श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सर्वश्रुतच आहे. या कार्याचे वर्णन ‘गावाने जंगल उभे केले’ असे केले जाते. हे वर्णन गौरवपर असले तरी शास्त्रदृष्ट्या दिशाभूल करणारे आहे. शुष्क पानझडी वनातील साग, धावडा, टेंभुर्णी, पळस या प्रजाती तोडल्यानंतरही खुंटातून वा मुळातून पुन्हा फुटतात. दरवर्षी कुऱ्हाड पडत राहिली, तर फुटवा झुडपापलीकडे वाढत नाही. कुऱ्हाड थांबली की तोच वृक्ष होतो. बारीपाड्याचे खरे कर्तृत्व कुऱ्हाड थांबविणारे नियम करण्यात, दंड आकारण्यात आणि राखणदार नेमण्यात आहे. पुनर्स्थापनेचे निर्णायक साधन येथे ग्रामसंस्था हे होते. वनांचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन यांचा ग्रामसभेचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. बारीपाड्याने तो त्यापूर्वीच बजावला होता.

दुसरी संकल्पना संदर्भ-परिसंस्थेची. सावरून पोहोचावयाचे कोठे, हा तो प्रश्न. १८८० च्या खानदेश गॅझेटियरकडे प्रमाण म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु तोपर्यंत रेल्वे भुसावळला येऊन दीड दशक उलटले होते आणि वने मोठ्या प्रमाणावर वापरात आली होती. शिवाय खानदेशच्या कमी पावसाच्या माळांवर संदर्भ वनाचा असावा, हे गृहीतकच तपासले पाहिजे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील तृणाच्छादनाचे वर्गीकरण करताना द्वीपकल्पाचा मोठा भाग पवन्या-मारवेल प्रकारात घातला आहे. म्हणजे ज्याला आपण ‘पडीक’ म्हणतो ते पुष्कळदा गवताळ रान असते. तेथे झाडे लावणे ही हानीच होय, मग तिचा सोहळा कितीही मोठा असो. धुळे तालुक्यातील लामकानी येथे डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभापासून झालेले कार्य म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तेथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांमुळे प्रथम गवत परतले.

तथापि चराईबंदी हे सर्वकालीन सूत्र मानणे धोक्याचे आहे. अतिचराई थांबली की कुसळीची जागा पवन्या-मारवेलसारखी सकस गवते घेऊ लागतात, हे खरे. परंतु कापणी वा चराई पूर्ण थांबविल्यास वाळलेले गवत साचते आणि वणव्याला सरपण मिळते. त्याहून गंभीर प्रश्न सामाजिक आहे. बंदीचा भार बागायतदारावर पडत नाही. तो शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनावर आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या ठेलारी कुटुंबांवर पडतो. यशोगाथांमध्ये त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

शिरपूर पॅटर्नविषयी थोडक्यात. नाले रुंद व खोल करून भूजल वाढविण्याचा हा प्रयोग तापीखोऱ्याच्या जाड गाळथरावर फलदायी ठरणे स्वाभाविक होते. कठीण बेसाल्टच्या प्रदेशात तीच अपेक्षा ठेवता येत नाही. आणि पाणी वाढले तरी त्यास परिसंस्थेची पुनर्स्थापना म्हणता येणार नाही. येथे एक सेवा सुधारली. नाल्याचा काठ, तळ, तेथील वनस्पती व जीव यांचा विचार आराखड्यात नव्हता.

या सर्व प्रयोगांचे दीर्घकालीन, प्रजातीनिहाय मोजमाप ही खरी उणीव आहे. कुंपणाच्या आतील व बाहेरील प्रत्येकी काही चौरस मीटर गवत दर पावसाळ्यानंतर ओळखून नोंदणे, एवढे काम आपले वनस्पतिशास्त्र विभाग विशेष अनुदानाशिवायही करू शकतात. त्या नोंदींत कोणत्या गवताला कोणते जनावर तोंड लावते, ही माहिती ठेलारी मेंढपाळच देऊ शकतील.