इंटरनेट-वापराची सर्वेक्षणे : प्रश्नांच्या भाषेचा विचार

‘आपण कधी इंटरनेट वापरले आहे का?’ अशा आशयाच्या एका प्रश्नावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) एक बहुचर्चित निष्कर्ष उभा आहे. १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी व ५७.१ टक्के पुरुषांनी या प्रश्नाला होकार दिला. महाराष्ट्रात ही प्रमाणे अनुक्रमे ३८.० व ६१.५ टक्के आहेत. ग्रामीण भारतातील स्त्रियांमध्ये मात्र अवघी २४.६ टक्के. ही विषमता खरी आहे, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती ‘वापरणे’ या क्रियापदाविषयी.

‘कधी’ या शब्दामुळे भाच्याच्या फोनवर एकदा रेल्वेचे वेळापत्रक पाहिलेली स्त्री आणि दिवसभर त्यावरच व्यवसाय करणारी स्त्री एकाच रकान्यात येतात. याच सर्वेक्षणात मोबाइलविषयीचा प्रश्न अधिक नेमका आहे. घरात फोन आहे का, एवढ्यावर न थांबता ‘जो आपण स्वतः वापरता’ असा फोन आहे का, हे तेथे विचारले आहे. सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी होकार दिला. ‘स्वतः’ या एका शब्दाने प्रश्नाला जी धार येते, ती इंटरनेटच्या प्रश्नाला आलेली नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. २०१२ च्या सुमारास लर्नएशिया या श्रीलंकास्थित संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांना इंडोनेशियात एक विसंगती आढळली. सर्वेक्षणात ‘इंटरनेट वापरत नाही’ असे सांगणारे लोक गटचर्चेत फेसबुकविषयी उत्साहाने बोलत होते. हे उत्तरदाते खोटे बोलत नव्हते. संशोधकाचा शब्द त्यांच्या अनुभवाचा शब्द नव्हता, इतकेच. मराठी बोलीतही ‘नेट’, ‘रेंज’, ‘रिचार्ज’ हे शब्द रुळले आहेत, पण छापील प्रश्नावलीत येतो तो ‘आंतरजाल’ किंवा ‘संकेतस्थळ’. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नातवंडांची छायाचित्रे पाहणारी आजी ‘आंतरजालाचा वापर’ या प्रश्नाला नकार देईल, आणि तो नकार प्रामाणिकच असेल.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने (जुलै २०१७ ते जून २०१८) वेगळा मार्ग घेतला. तेथे कुटुंबातील सुविधा व व्यक्तीची क्षमता यांची नोंद स्वतंत्रपणे झाली. इंटरनेट सुविधा असलेली कुटुंबे २३.८ टक्के होती. ग्रामीण भागात १४.९, तर शहरी भागात ४२.० टक्के. ही विभागणी निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु अशा कौटुंबिक पाहण्यांत बहुधा घरातील एकच व्यक्ती सर्वांच्या वतीने माहिती देते. सुनेला इंटरनेट येते की नाही, हे सासऱ्यांनी सांगावे आणि ते सुनेची क्षमता म्हणून नोंदले जावे, ही पद्धतीची मर्यादा अहवाल वाचताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

भावनांचे मापन तर याहून नाजूक आहे. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ ही पाच पायऱ्यांची श्रेणी मराठी संभाषणात कोणी वापरत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला ‘बरं आहे’ म्हणण्याची आपली रीत आहे. हे ‘बरं’ कोणत्या पायरीवर ठेवायचे, ते प्रगणक ठरवतो. शेजारी पती वा मुलगा उभा असेल, तर भीती, संकोच, गुपचूप लाभणारा आनंद यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही.

महाविद्यालयीन पातळीवरील लघुप्रकल्पांची स्थिती याहून वेगळी नाही. २०२० च्या टाळेबंदीत इंटरनेटविषयक प्रश्नावल्या गूगल फॉर्मद्वारे, व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरवल्या गेल्या. ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोहोचलेच नव्हते, ते विद्यार्थी या नमुन्यात येणे शक्यच नव्हते. तरीही निष्कर्ष ‘विद्यार्थी’ या सरसकट नावाने मांडले गेले. त्यापेक्षा वर्गातील तीस विद्यार्थ्यांना समोर बसवून फोन कोणाचा, रिचार्ज कोण करते आणि तो रात्री कोणाच्या उशाशी असतो, एवढे तीन प्रश्न विचारले असते, तरी अधिक हाती लागले असते.