मेथॅनॉलवर वाढणारा जीवाणू आणि 'शाश्वत' हे विशेषण

जैवतंत्रज्ञानातील एखादे यश जाहीर झाले की त्याच्यापाठोपाठ 'शाश्वत' हे विशेषण येते. मेथॅनॉलवर वाढणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीतही तसेच झाले आहे. यश खरे आहे. विशेषण मात्र तपासून घ्यायला हवे. ही तपासणी शाळेतल्या रसायनशास्त्राच्या आधारे करता येते, असे आम्हांला वाटते.

आधी संशोधनाविषयी. जीवाणूंकडून औषधे, आम्ले, प्लास्टिकचे घटक बनवून घेताना त्यांना सहसा साखर खाऊ घालतात. या साखरेसाठी किती पाणी लागते, हे पंढरपूरच्या वाचकाला सांगायला नको. सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा. इथला ऊस उजनीच्या आणि विहिरींच्या पाण्यावर उभा आहे. शेतजमीन व पाणी न अडवणारा कच्चा माल शोधणे म्हणूनच योग्य आहे. मेथॅनॉल हा एकच कार्बन अणू असलेला अल्कोहोल. वजनाने त्यात ३७.५ टक्के कार्बन असतो, तर ग्लुकोजमध्ये ४० टक्के. म्हणजे कार्बनच्या हिशेबात तो साखरेच्या जवळपास बरोबरीचा आहे.

अडचण वेगळीच आहे. पेशीत मेथॅनॉलचे प्रथम फॉर्माल्डिहाइड होते आणि ते विषारी असते. माणसाच्या शरीरातही हेच घडते, आणि पुढे त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या दारूत मेथॅनॉलच होते. निसर्गातील काही जीवाणूंनी मात्र हे फॉर्माल्डिहाइड तयार होताच एका पाच कार्बनी शर्करेला जोडून टाकण्याची युक्ती साधली आहे. झाडांची पाने थोडे मेथॅनॉल बाहेर टाकतात. त्यावर जगणारे गुलाबी जीवाणू पानांवरच राहतात.

ही युक्ती ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूला शिकवण्यात २०२० मध्ये तैवानच्या जेम्स लियाओ यांच्या गटाला यश आले. बाहेरून जनुके घातली, मग पिढ्यान्‌पिढ्या वाढवून चांगले वाण निवडले. ते केवळ मेथॅनॉलवर वाढले, पण दुप्पट व्हायला साडेआठ तास लागत. पौष्टिक द्रवात साधा ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो; म्हणजे तेवढ्या वेळात त्याच्या पंचवीस पिढ्या होतात. २०२४ मध्ये झुरिचच्या युलिया फोरहोल्ट यांच्या गटाने अशाच जीवाणूकडून लॅक्टिक आम्लासारखे पदार्थ बनवून घेतले.

निसर्गात मेथॅनॉल खाणारे जीवाणू असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. ई. कोलायची जनुके आपल्याला जितकी माहीत आहेत आणि जितक्या सहज बदलता येतात, तितकी इतरांची नाहीत, हे त्याचे उत्तर. ते आम्हांला पटते. मात्र उद्योगाचा इतिहासही पाहावा. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅम येथे आयसीआय कंपनीने १९८० च्या सुमारास नैसर्गिक मेथॅनॉलभक्षी जीवाणूंपासून 'प्रूटीन' हे पशुखाद्य काढले. त्यासाठी पंधरा लाख लिटरचे किण्वनपात्र बांधले. जीवाणू उत्तम वाढले, पण सोयाबीनची पेंड स्वस्त पडली आणि कारखाना बंद झाला. तिथे अडले ते कच्च्या मालाच्या खर्चापाशी, जीवाणूपाशी नव्हे.

आजच्या बातम्यांत नेमका हाच मुद्दा सुटतो. जगातील बहुतेक मेथॅनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते. त्यावर वाढलेला जीवाणू जमिनीखालचाच कार्बन वर आणतो. 'हरित' मेथॅनॉल बनवायचे तर कार्बन डायऑक्साइडचा हायड्रोजनशी संयोग करावा लागतो. आता हिशेब करू. समीकरणानुसार १ टन मेथॅनॉलला १,३७५ किलो कार्बन डायऑक्साइड व १८७.५ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने १ किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे ५० युनिट वीज लागते. म्हणजे एकूण सुमारे ९,४०० युनिट. ही वीज सोलापूरजवळच्या फताटेवाडीसारख्या कोळशाच्या केंद्रातून घेतली, तर युनिटमागे सुमारे ०.९ किलो धरून साडेआठ टनांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. मुरवला दीड टनही नाही आणि सोडला त्याच्या सहापट! वीज सूर्याची असेल तर चित्र पालटते. जीवाणू मात्र दोन्हीकडे तोच.

मग आपल्या भागाला यात काही आहे का? आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत १८० किलो ग्लुकोजपासून ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराच शुद्ध. मेथॅनॉलसाठी तो सोयीचा आहे. पण तो उसातूनच आलेला असल्याने 'जमीन-पाणी लागत नाही' हा दावा तिथे करता येणार नाही. वाया जाणाऱ्या वायूचा उपयोग, एवढेच म्हणता येईल.

शिक्षकांनी दहावी-अकरावीच्या वर्गात वरचा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. मेथॅनॉलचा प्रयोग मात्र करू नये. ते विष आहे. सौर वीज धरून आकडे पुन्हा काढायला सांगावेत आणि मग 'शाश्वत' हा शब्द कोणत्या ओळीपुढे लिहायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.