ल्यूक वाईट माणूस नाही

मार्गारेट ॲटवूडची १९८५ सालची ‘द हँडमेड्स टेल’ म्हटलं की सगळ्यांना लाल झगे आठवतात. मला जास्त भीती वाटते ती नायिकेचं कार्ड चालेनासं होतं, त्या दिवसाची. बायकांच्या नोकऱ्या जातात, खाती गोठतात. पैसा नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती जातो. ल्यूक प्रेमळ नवरा आहे, तिला सांभाळायचं वचन देतो. त्याच रात्री तिला जाणवतं, याला हे फारसं खटकत नाहीये. पण ती विचारत नाही. तोही गमावला तर उरेल कोण? कमांडर तिच्या आयुष्यात नंतर येतो. त्याआधीच सत्ता घरात आलेली असते, काळजीच्या आवाजात. म्हणून पुस्तक मिटल्यावर मी ल्यूकचाच जास्त विचार करते. काहीही वाईट न करता सगळं त्याच्या हाती आलं होतं.